हिंगोलीकडचे आवाज, किल्लारीचा भूकंप आणि ज्वालामुखीची भीती

प्रश्न (वसमत तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा): आमच्या भागात अधूनमधून जमिनीतून गडगड आवाज येतो, मांडणीवरची भांडी वाजतात. 2024 मध्ये मार्चला आणि जुलैला मोठे धक्के बसले. गावात बोलतात की खाली लाव्हा आहे, आपला काळा दगड त्याचाच, आणि कधीतरी ज्वालामुखी फुटणार. मुलंही विचारतात. भूकंप आणि ज्वालामुखी नेमके होतात कसे, ते मोजतात कसे? एकाच धक्क्याचे आकडे दोन ठिकाणी वेगवेगळे का येतात? आणि किल्लारीसारखं आमच्याकडं होईल का?

उत्तर:

ताई, आधी मुलांच्या प्रश्नाचं सांगतो, म्हणजे ती निवांत होतील. तुमच्याकडं ज्वालामुखी फुटणार नाही. दगड लाव्ह्याचा आहे हे खरं, आवाज भूकंपाचे आहेत हेही खरं. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. गावातली सगळी भीती त्या एकत्र केल्यामुळं आहे.

काळ्या दगडाचं वय साधारण 6.6 कोटी वर्षं. त्या काळी इथं टोकदार डोंगरातून धूर-आग ओकणारे ज्वालामुखी नव्हते. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा वाहत गेला. असा प्रकार माणसानं अगदीच पाहिला नाही असं नाही. आइसलंडात 1783 मध्ये लाकी नावाच्या ठिकाणी सुमारे 27 किलोमीटर लांबीच्या भेगेतून महिनोन्‌महिने लाव्हा वाहिला होता. आपल्याकडं तेच कितीतरी मोठ्या प्रमाणावर आणि पुन्हा पुन्हा झालं. एक थर थंड व्हायचा, त्याच्यावर माती धरायची, मग पुढचा थर यायचा. विहीर खोदणाऱ्याला हे पुस्तकाशिवाय ठाऊक असतं: मुरूम, मग बारीक पोकळ्यांचा दगड, ज्याला मांजऱ्या म्हणतात, मग फोडता फुटत नाही असा काळा पाषाण, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा, आणि खाली पुन्हा तेच. तो तांबडा पट्टा म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळातली भाजली गेलेली जमीन. वेरूळचं कैलास लेणं असल्याच थरांत वरून खाली कोरत नेलेलं आहे.

हे थर सह्याद्रीकडं दीड-दोन किलोमीटर जाड आहेत आणि पूर्वेकडं पातळ होत जातात. किल्लारीला भूकंपानंतर 617 मीटर खोल बोअर घेतलं, तेव्हा 338 मीटरवर काळा दगड संपला. त्याच्याखाली काही मीटर जुना गाळ लागला आणि मग अब्जावधी वर्षांचा ग्रॅनाइटच्या जातीचा दगड. तुम्हाला बोअर घ्यायची गरज नाही. देगलूर-बिलोलीकडं कधी गेलात तर रस्त्याकडेला गुलाबी-करड्या रंगाचे गोल गरगरीत धोंडे एकावर एक दिसतील. तुमच्या शाळेखालीही काळ्या दगडाच्या तळाशी तोच दगड आहे, तिकडं फक्त तो उघडा पडलाय.

मग तो लाव्हा गेला कुठं? खाली वितळलेल्या दगडाचा समुद्र असतो, असं मुलांच्या डोक्यात कुठल्या तरी चित्रावरून बसलेलं असतं. तसं नसतं. भूकवचाखालचं प्रावरण घन आहे. ते वितळायला काहीतरी खास कारण लागतं. एक तर दोन भूपट्टे, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या कठीण थराचे प्रचंड तुकडे, एकमेकांपासून दूर जाऊन खालच्या तापलेल्या दगडावरचा दाब कमी व्हायला हवा. किंवा एक भूपट्टा दुसऱ्याखाली शिरून सोबत पाणी घेऊन जायला हवा, कारण पाण्यामुळं दगड कमी तापमानाला वितळतो. किंवा खोलून उष्ण दगडाचा प्रवाह एकाच जागी वर येत राहायला हवा. आपला लाव्हा या तिसऱ्या प्रकारचा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तो उष्ण प्रवाह आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून चालू आहे. आपली जमीन त्याच्यावरून सरकत हजारो किलोमीटर उत्तरेला आली. भारताच्या हद्दीत जागा ज्वालामुखी आज एकच, अंदमानातलं बॅरन बेट. दीडशेहून जास्त वर्षं शांत राहून 1991 मध्ये तो पुन्हा जागा झाला. तिथं भूपट्टा खाली शिरतोय, म्हणून तो तिथं आहे. मराठवाड्याखाली या तिन्हींतलं एकही कारण नाही.

कुणी तरी किनवटजवळच्या उनकेश्वरच्या गरम पाण्याचा दाखला देईलच. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, दर किलोमीटरला साधारण 25-30 अंश तापमान वाढत जातं, आणि तेच पाणी दुसऱ्या भेगेनं भराभर वर आलं तर ते गरम लागतं. त्याला लाव्हा लागत नाही. लोणारचं उदाहरण याच्या उलट दिशेचं आहे. तो खड्डाही एकेकाळी काही जाणत्यांनी ज्वालामुखीचा ठरवला होता, पण तिथल्या दगडांत जबर आघातानंच तयार होणारी काच सापडली आणि तो उल्कापाताचा आहे हे पक्कं झालं.

आता भूकंप. भारतीय भूपट्टा वर्षाला साधारण 5 सेंटीमीटर वेगानं उत्तरेकडं सरकतोय आणि हिमालयात अडतोय. तो रेटा तिथंच थांबत नाही, अख्ख्या द्वीपकल्पाच्या दगडात साठतो. आपल्याकडच्या जुन्या ग्रॅनाइटमध्ये प्राचीन भेगा आहेत. त्या दोन्ही बाजूंनी दाबलेल्या आहेत आणि घर्षणानं अडकून आहेत. वेळूची कांब दोन हातांनी वाकवत गेलात तर ती बराच वेळ वाकते आणि मग एकदम मोडून हाताला झिणझिण्या आणते. दगडही तसाच आधी लवतो, मग भेगेवर एकाएकी सरकतो, आणि साठलेली ताकद लहरींच्या रूपानं चहूकडं जाते. 1906 च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर रीड या शास्त्रज्ञानं हे पहिल्यांदा नीट मांडलं. द्वीपकल्पात हा साठा फार सावकाश होतो, म्हणून एकाच भेगेवर दोन मोठ्या भूकंपांत हजारो वर्षं जाऊ शकतात. माणसाच्या आठवणीत, पोथीत, कुठंच नोंद राहत नाही. 1993 पूर्वीच्या सरकारी नकाशात लातूर-किल्लारीचा भाग सगळ्यांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता, तो याच कारणानं. 2002 मध्ये नकाशा सुधारला, तेव्हा पहिला पट्टाच काढून टाकला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला.

तुमच्याकडच्या आवाजांचं आता कळेल. पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत लोक वर्षानुवर्षं सांगतात की आधी गडगड येते, मग हादरा. भूकंपातून दोन मुख्य लहरी निघतात. पहिली दगडाला पुढं-मागं दाबत-ताणत जाते, वरच्या कवचात तिचा वेग सेकंदाला साधारण 6 किलोमीटर. दुसरी आडवी हलवत जाते, ती साडेतीनच्या आसपास. पहिली लहर जमिनीच्या पृष्ठभागाला आदळली की तिच्यातला काही भाग हवेत ध्वनी म्हणून शिरतो. भूकंप उथळ असेल आणि वर कडक पाषाण असेल तर ऐकू येईल इतकी जलद थरथर वाटेत विरत नाही, वरपर्यंत पोचते. म्हणून अगदी छोट्या धक्क्यात नुसता आवाजच येतो, हादरा जाणवतही नाही. आवाज मोठा म्हणजे भूकंप मोठा असं नाही. उलट आवाज स्पष्ट असेल तर तो जवळचा आणि उथळ आहे एवढंच समजायचं.

लाव्हा वर चढत असता तर चित्र वेगळं दिसलं असतं. जगात जिथं ज्वालामुखीवर पाळत ठेवतात तिथं चार गोष्टी बघतात: छोट्या भूकंपांची जागा दिवसेंदिवस वर सरकतेय का, यंत्रावर न थांबणारी मंद थरथर उमटतेय का, जीपीएस आणि उपग्रहांच्या मोजणीत जमीन फुगतेय का, आणि भेगांतून सल्फर डायऑक्साइड वाढतोय का. फिलिपिन्समध्ये 1991 साली पिनाटुबो फुटण्याआधी या खुणांवरूनच हजारो लोकांना वेळेत हलवलं आणि त्यांचे जीव वाचले. उद्रेक किती मोठा होता हे बाहेर पडलेल्या राख-दगडाच्या आकारमानावरून 0 ते 8 अशा पायऱ्यांत सांगतात. पिनाटुबो सहाव्या पायरीवर होता, आणि त्याच्या वायूमुळं पुढच्या वर्षी पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशानं उतरलं. तुमच्या भागात या चारांतली एकही खूण नाही.

भूकंप मोजण्याचं काम मात्र जरा बारकाईनं सांगतो, कारण माझी सगळी नोकरी त्याच कामात झाली आणि बातम्यांत त्याचा सगळ्यांत जास्त घोळ होतो.

भूकंपमापक म्हणजे मुळात एक लोंबतं वजन. जमीन हलते, वजन जागेवर राहू पाहतं, आणि दोघांतला फरक नोंदवला जातो. आजच्या यंत्रात हा फरक विजेच्या संकेतात येतो, सेकंदाला शंभरेक वेळा मोजला जातो आणि उपग्रहाच्या घड्याळाची वेळ लावून दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राकडं जातो. हे यंत्र गावापासून, रस्त्यापासून, विहिरीवरच्या मोटारीपासून लांब, उघड्या कडक खडकावर खोली बांधून बसवावं लागतं. जवळ मोठं झाड असलं तरी वारा सुटला की मुळांवाटे झाडाची हालचाल नोंदीत येते. शेजारच्या शेतात बाजरी काढली की ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या फेऱ्या दिसतात. मराठवाड्यात आणखी एक त्रास आहे, विहिरीच्या सुरुंगाचा. सुरुंग आणि छोटा भूकंप कागदावर सारखेच दिसतात. पण सुरुंग सगळीकडं बाहेर ढकलतो, त्यामुळं चारी दिशांच्या यंत्रांवर पहिली उसळी वरच असते. भेग सरकते तेव्हा दोन बाजूंना ढकललं जातं आणि दोन बाजूंना ओढलं जातं, म्हणून काही यंत्रांवर पहिली रेघ वर जाते, काहींवर खाली. सुरुंगात दुसरी, आडवी लहर लंगडी असते. शिवाय सुरुंग दुपारी उडतात. भूकंपाला जेवणाची सुट्टी नसते.

आता अंतर. पहिली लहर आणि दुसरी लहर यांच्यात जितके सेकंद जातात त्यांना 8 नं गुणा, साधारण किलोमीटर मिळतात. नांदेडच्या यंत्रावर दोन्हींत 5 सेकंदांचं अंतर असलं तर भूकंप सुमारे 40 किलोमीटरवर. पण कुठल्या दिशेला ते एका यंत्रावरून नीट कळत नाही, म्हणून नकाशावर नांदेडभोवती 40 किलोमीटरचं वर्तुळ काढायचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या केंद्राचीही तशीच वर्तुळं काढली की तिन्ही एकमेकांना छेदतात तिथं केंद्रबिंदू. आता हे संगणक करतो, शाळेत कंपास घेऊन मुलांकडून करून घेता येईल.

खोली काढणं मात्र खरंच अवघड. त्यासाठी एखादं यंत्र केंद्रबिंदूच्या अगदी जवळ लागतं, भूकंप जितका खोल असेल जवळपास तेवढ्याच अंतरावर. बातमीत खोली पुन्हा पुन्हा ‘10 किलोमीटर’ येते ना? बऱ्याचदा ती मोजलेली नसते. माहिती अपुरी असेल तर संगणकाला एक ठरीव खोली देऊन बाकीचं गणित सोडवतात, आणि 10 ही ती रूढ संख्या. 10 किलोमीटर वाचलं की ‘उथळ’ एवढंच समजा.

आणि आकडे वेगळे का? 1935 मध्ये रिश्टरनं कॅलिफोर्नियासाठी एक माप ठरवलं. तिथल्या एका ठरावीक यंत्रावर, 100 किलोमीटरवरून 1 मिलिमीटरची रेघ उमटली तर तो भूकंप 3 चा. रेघ दहापट मोठी झाली की आकडा एकनं वाढतो. पण फार मोठ्या भूकंपात हे माप अडखळतं, रेघ वाढायची थांबते. म्हणून आता भेगेचा किती मोठा भाग सरकला, किती सरकला आणि तो दगड किती ताठ आहे यांचा गुणाकार करून माप काढतात. वर्तमानपत्रं अजून ‘रिश्टर स्केल’ म्हणतात, हरकत नाही. पण एकच धक्का एका संस्थेनं एका मापानं, दुसरीनं दुसऱ्यानं, तिसरीनं पहिल्या दहा मिनिटांतल्या मोजक्या केंद्रांवरून काढला तर दोन-तीन दशांश इकडंतिकडं होणारच. किल्लारीचेसुद्धा 6.2, 6.3, 6.4 असे आकडे वेगवेगळ्या मापांवर आहेत, आणि सगळेच आपापल्या जागी बरोबर आहेत.

आता तुमचा हिशोब. 21 मार्च 2024 ला सकाळी 6 वाजून 8 मिनिटांनी 4.5 चा आणि त्यानंतर अकरा मिनिटांनी 3.6 चा धक्का नोंदला गेला. 10 जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा 4.5. एका आकड्याचा फरक म्हणजे बाहेर पडणाऱ्या ऊर्जेत सुमारे 32 पट. 4.5 आणि 6.2 मध्ये 1.7 चा फरक, म्हणजे जमिनीच्या हलण्यात 50 पट आणि ऊर्जेत साडेतीनशे पट. ‘छोटे धक्के बसून गेले, ताकद निघून गेली’ असं जे म्हणतात, त्यांना हे गणित फळ्यावर मांडून दाखवा. एका किल्लारीची ऊर्जा निघून जायला तुमच्या जुलैसारखे साडेतीनशे धक्के लागतील.

किल्लारी तुमच्याकडं होईल का, याला ‘होईल’ असंही कुणी सांगू शकत नाही आणि ‘होणार नाही’ असंही. तिथं 1992 च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर बरेच छोटे धक्के बसले होते, मग ते थांबले, आणि वर्षभरानं 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी मोठा आला. उलट नांदेड शहरात 2007 च्या सुमारास महिनोन्‌महिने आवाज आणि धक्के होते, लोक रस्त्यावर झोपत होते, आणि ते विरून गेले. जगात अशा धक्क्यांच्या मालिका बहुतेक वेळा विरूनच जातात, पण आपली मालिका कुठल्या जातीची हे आधी ओळखता येत नाही. अमुक तारखेला भूकंप होणार असा मोबाइलवर मेसेज आला तर तो खोटा आहे. पूर्वसूचना देणारी यंत्रणा जपानसारख्या देशांत आहे, पण तीही भूकंप सुरू झाल्यावर पहिल्या लहरीवरून दुसरीची सूचना देते. केंद्रबिंदूपासून 10 किलोमीटरवरच्या गावाला दोन लहरींत सव्वा सेकंद मिळतो. त्यात अंगावरची गोधडीही बाजूला होत नाही.

म्हणून माझं लक्ष आकड्यापेक्षा भिंतीकडं जास्त असतं. भूकंप किती मोठा हा एकच आकडा, पण तुमच्या गावात काय पडलं त्यावरून तीव्रता ठरते आणि ती गावागणिक बदलते. त्यासाठी वेगळं, बारा पायऱ्यांचं माप आहे. किल्लारी-सास्तूर-मंगरूळच्या पट्ट्यात ती आठ-नऊच्या घरात गेली. 6.2 चे किंवा त्याहून मोठे भूकंप जगात वर्षाला शंभरच्या आसपास होतात आणि बहुतेकांत फारशी जीवितहानी होत नाही. आपल्याकडं मरणाऱ्यांचे वेगवेगळे आकडे सांगतात, पण सगळे आठ ते दहा हजारांच्या आसपास. याची कारणं उथळ खोली, पहाटेची झोप आणि माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताची दगडी घरं.

माळवदाची घरं मी आतून पाहिली आहेत. दोन-अडीच फूट रुंद भिंत, बाहेरून आणि आतून दगडाची एकेक रांग, आणि मधल्या पोकळीत चिखल आणि बारीक दगड भरलेले. दोन्ही रांगांना जोडणारा आरपार दगड कुठंच नाही. वर तुळया, त्यांच्यावर किलचन, म्हणजे आडव्या लाकडी पट्ट्या, आणि त्यावर मातीचा थर. गळू नये म्हणून दरवर्षी वर आणखी माती. एकेका छतावर दोन फुटांपर्यंत माती चढलेली. हादरा बसला की भिंतीच्या दोन रांगा वेगळ्या होतात, आतली आत पडते, बाहेरची बाहेर, आणि छत सरळ खाली. ज्या घरांत तुळया भिंतीवर न टेकवता लाकडी खांबांवर होत्या, तिथं भिंती गेल्या तरी छत उभं राहिल्याची उदाहरणं होती आणि आतली माणसं वाचली. पुढं 52 गावं नव्या जागी वसवली आणि बाकी ठिकाणी घरांची दुरुस्ती-मजबुती झाली. पण त्या गावांच्या बाहेर जुनं बांधकाम अजून खूप आहे, तुमच्या तालुक्यातही असणार.

त्यातलं बरंचसं फार खर्च न करता सुधारतं. माळवदावरची जास्तीची माती उतरवा, पाणी गळू नये म्हणून प्लास्टिकचा कागद आणि वर पातळ थर पुरतो. दगडी भिंतीत दर तीन-चार फुटांवर एक दगड काढून तिथं सळई घालून काँक्रीट आरपार भरता येतं. नवीन घर बांधताय तर दारा-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना धरणारा सळईचा अखंड पट्टा टाका. मिस्त्री ‘फक्त खिडकीपुरता टाकू’ म्हणेल, त्याचं ऐकू नका. कोपऱ्यात तुटलेला पट्टा काहीच धरत नाही. शाळेची खोली पत्र्याची असेल तर वर बघा, वाऱ्यानं उडू नये म्हणून पत्र्यावर दगड ठेवलेत का. मार्च 2024 च्या धक्क्यांनंतर प्रशासनानं हे दगड काढायला सांगितलं होतं, तरी अजून गावोगाव दिसतात. पत्रे हुक-बोल्टनं पाइपला आवळा आणि दगड खाली उतरवा.

आणि मुलांना एक वही द्या. आवाज किंवा हादरा आला की मोबाइलवरची वेळ सेकंदासह, किती वेळ टिकला, आधी आवाज की आधी हादरा, काय हललं, आपण बसलो होतो की चालत होतो, एवढं लिहायचं. आजूबाजूच्या तीन-चार शाळांनी असं केलं, तर जवळ यंत्र नसलेल्या जागीही आवाज कुठल्या गावात आधी आणि मोठा येतो हे दिसायला लागेल. वही तहसीलला किंवा नांदेडच्या विद्यापीठातल्या भूशास्त्राच्या मंडळींना दाखवा, त्यांना ती उपयोगी पडेल.